पन्हळीच्या अलीकडे

डॉक्टर टपालाचे दोन ढीग करायचे. खिडकीवाली पाकिटं डावीकडे, बिनखिडकीची उजवीकडे. उजवीकडची चष्मा पुसून, सुरीने कापून, चवीने वाचायची. डावीकडची न उघडता शेगडीत. "ज्या पाकिटाला खिडकी असते ना, त्यातून आजवर माझ्याकडे चांगलं काही आलेलं नाही," असं म्हणायचे आणि शेगडीचं लोखंडी दार पायाने ढकलून बंद करायचे.

हे टपाल त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम माझं. म्हणून त्यांनी माझं नावच टपाल ठेवलं होतं. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं बरं नाव आहे मला, पण तीन वर्षांत त्यांनी ते एकदाही घेतलं नाही. कालव्याकाठच्या खडीवर माझे बूट वाजले की आतून हाक यायची, "आलं का टपाल? पाय पुसून ये. मागच्या वेळी अर्धं वेल्स आत आणलं होतंस."

मी तेव्हा मँचेस्टरला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्यांवर तारीख घालायची आणि ज्याच्या त्याला कळवायच्या, हा धंदा. सवय इतकी अंगात मुरली होती की हातात येईल त्या कागदाच्या कोपऱ्यात मी पेनाने तारीख टाकायचे. डॉक्टरांच्या पाकिटांवरही टाकायचे, कोणतं कधी आलं ते कळावं म्हणून. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मला ते चांगलंच नडलं.

राहायला मी डॉक्टरांच्याच घरात होते, ट्रॅमच्या शेवटच्या स्टॉपपासून दहा मिनिटांवर. घरात काकू एकट्या. डॉक्टर नॅरोबोटवर. नॅरोबोट म्हणजे साठ फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद अशी लोखंडी बोट. आत पलंग, शेगडी, सिंक, सगळं एका ओळीत. खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी अटी सांगितल्या. "बाथरूम कोरडं ठेवायचं. हीटिंग दहाला बंद. आणि एक शनिवार आड आमच्या ह्यांचं टपाल आणि डबा बोटीवर पोचवायचा. मी त्या बोटीवर पाय ठेवणार नाही, आणि ते दाढदुखी असल्याशिवाय या घरात येत नाहीत. जमेल?"

पुण्याहून आलेल्या मुलीला घरचं जेवण मिळणार म्हटल्यावर काय जमणार नाही? मी हो म्हटलं.

हॉलमध्ये चार मोठे खोके होते, चिकटपट्टीने बांधलेले. प्रत्येकावर जाड मार्करने लिहिलेलं, "सांगली". त्यांना वळसा घालून स्वयंपाकघरात जावं लागायचं. माझी करंगळी त्या सांगलीवर कितीदा आपटली असेल, गणती नाही. पहिल्या वेळी मी विव्हळले तेव्हा काकू म्हणाल्या, "बघून चाल गं. पाच वर्षं तिथेच आहेत ते."

गोष्ट अशी होती. डॉक्टर भूलतज्ज्ञ. लग्न ठरताना त्यांनी काकूंना सांगितलं होतं, इंग्लंडला पाच वर्षं, मग सांगली. पाचाची पस्तीस झाली. काकूंची आई गेली, मग भाऊ गेला, आणि दोन्ही वेळा काकू पोचल्या तेव्हा दिवससुद्धा होऊन गेले होते, कारण डॉक्टरांच्या ड्यूट्या बदलून मिळेनात. शेवटी निवृत्ती आली. काकूंनी थंडीचे कोट चॅरिटी शॉपला देऊन टाकले, पातेली-पराती खोक्यांत बांधल्या. आणि एका मंगळवारी संध्याकाळी डॉक्टर चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, "मी बोट घेतलीय."

"बोटीला माझं नाहीच म्हणणं होतं असं नाही," काकू मला एकदा मेथी निवडताना म्हणाल्या. "पण विचारायचं तरी! पस्तीस वर्षं मी यांच्या ड्यूट्यांप्रमाणे जेवले, झोपले, माझ्या माणसांना मुकले. एकदा तरी माणसाने विचारावं की नाही, अगं, काय करूया?"

मी मेथीच्या काड्या गोळा केल्या.

तरी डबा मात्र चुकला नाही. स्टीलचा, तीन पुडांचा, झाकणावर काकूंच्या माहेरचं नाव कोरलेला. एक शनिवार आड त्यात थालीपीठ, मिठाचा हात आखडून केलेली उसळ, लसणाची चटणी. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आणि काकूंच्या घरचा दंडक असा की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. शेजारची इंग्लिश म्हातारी कधी ॲपल पाय आणून द्यायची, तिची डिश काकू साखर घालून परत करायच्या. बिचारी दोन वर्षं गोंधळात होती. तिला वाटायचं, आपला पाय अगोड होतो.

डॉक्टरांनाही दंडक माहीत होता. डबा ते स्वतः घासायचे, नर्सने ऑपरेशनची भांडी घासावीत तसा, आणि काठावर जे मिळेल ते त्यात घालायचे. उन्हाळ्यात ब्लॅकबेरी. वसंतात रानलसणाची पानं. एकदा हंसाचं पीस. हिवाळ्यात काहीच नसलं की साखर. मी घरी आले की काकू झाकण उघडून बघायच्या, "हं," म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. पण रानलसणाची त्यांनी चटणी केली आणि ब्लॅकबेरींचा मुरांबा. तो मुरांबा पुढच्या डब्यातून बोटीवर गेला. त्या दोघांचं सगळं बोलणं असं डब्यातून चालायचं आणि मी मध्ये ट्रेनची तिकिटं काढत फिरायचे.

आता त्या पुलाविषयी सांगायला हवं. डॉक्टरांची बोट ज्या कालव्यात होती तो वेल्सच्या हद्दीवर एका खोल दरीपाशी येतो. दरीच्या तळाशी नदी. जुन्या काळी लोकांनी दरीत उंच दगडी खांब उभारले, त्यांवर लोखंडाची लांबच लांब पन्हळ टाकली आणि कालवा हवेतून सरळ पलीकडे नेला. ॲक्विडक्ट म्हणतात त्याला. डॉक्टर पन्हळच म्हणायचे. रुंदी एका बोटीपुरती. एका अंगाला माणसांना चालायची वाट आणि तिला कठडा. दुसऱ्या अंगाला काहीच नाही. वीतभर लोखंडाची कड, आणि पुढे दरी. बोटीत बसून त्या अंगाला बघितलं की खाली मेंढ्या दिसतात, सांडलेल्या तांदळाएवढ्या. 

पन्हळीत एकदा शिरलं की वळता येत नाही, समोरून बोट आली तर कुणीतरी पार मागे मागे जायचं. म्हणून आधी एकाने पायी जाऊन पलीकडून कुणी येत नाही ना, ते बघायचं. हे काम डॉक्टरांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. डोक्याला ऑपरेशन थिएटरमधली विटकी निळी टोपी, पायात गमबूट, हातात लाल टॉवेल. मधल्या खांबापर्यंत चालत जायचे आणि टॉवेल हलवायचे. अलीकडची बोट निघायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी आभारही विशेष मानत नव्हतं. ऊन नाही, पाऊस नाही, माणूस तिथे उभा.

आणि घाबरलेल्यांची तर त्यांना खास ओढ होती. एकदा माझ्यासमोर एक चांगला रेड्यासारखा माणूस, दोन्ही दंडांवर गोंदवलेलं, पन्हळीच्या तोंडाशी बोट थांबवून चक्क रडत होता. बायको आत, दोन मुलं आत, आणि ह्याचे हात सुकाणूवरून सुटेनात. डॉक्टर त्याच्या बोटीवर चढले. त्याची मान कठड्याच्या अंगाला वळवली आणि म्हणाले, "लुक ॲट मी. काउंट बॅकवर्ड्स. फ्रॉम हंड्रेड." तो मोजत गेला, डॉक्टर वाटेवर उतरून शेजारी चालत गेले, बोट पलीकडे पोचली. परत आल्यावर मी म्हटलं, "भूल न देताच भूल दिलीत की!"

"भूल म्हणजे तेच," ते म्हणाले. "कुणीतरी शेजारी आहे असं वाटलं पाहिजे. बाकी औषध." मग शेगडीवर चहा टाकत म्हणाले, "आयुष्यभर लोकांना दहापासून उलटं मोजायला लावलं, टपाल. एकापर्यंत पोचलेला माणूस नाही बघितला. सहाच्या आसपास सगळे बुडतात."

असा हा माणूस शेकडो लोकांना पार करून द्यायचा, आणि स्वतःची बोट त्याने एकदाही पन्हळीत घातली नव्हती. पन्हळीच्या तोंडापर्यंत यायचे, इंजिन बंद करायचे, एक कप चहा प्यायचे, आणि थोडं मागे बोट वळवायला केलेली रुंद जागा होती तिथे बोट वळवून आल्या वाटेने परत. त्या कालव्यावर नियम होता की कायमची जागा घेतलेली नसेल तर चौदा दिवसांच्या वर एका ठिकाणी बोट बांधायची नाही. म्हणून डॉक्टर पंधरवड्याला हलायचे. पण हलायचे ते एवढ्याशा टापूत. पन्हळीपर्यंत, आणि मागे.

कारण मला काकूंनी सांगितलं. डॉक्टरांची पहिली नोकरी त्या दरीजवळच्या गावातल्या लहानशा हॉस्पिटलात होती. काकू तेव्हा सांगलीला व्हिसाची वाट बघत बसलेल्या. "पहिल्या पत्रात काय लिहिलं होतं माहितीये? इथे आकाशातून कालवा जातो. तू आलीस की बोटीत बसवून नेतो. मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, जावई थापा मारतात." काकू हसल्या, मग हसू आवरून घेतलं. "आले तर काय, यांना रविवार म्हणून मिळेना. पुढे बदली झाली. राहिलं ते राहिलंच."

मी डॉक्टरांना थेट विचारलं. "काकू येत नाहीत तोवर तुम्ही पलीकडे जाणारच नाही?"

"नाही."

"आणि त्या कधीच नाही आल्या तर?"

"तर अलीकडे," ते म्हणाले आणि थालीपीठ मोडून खायला लागले. मला राग आला होता त्यांचा. बायकोला न विचारता बोट घ्यायची, आणि मग तिच्या नावाने तिथे तपश्चर्या करत बसायचं, हा कुठला न्याय? मी ते बोललेही. त्यांनी मान्य केलं. "चुकलंच माझं. मला वाटलं, आधी सांगली म्हटलं तर हे कायमचं राहील. आधी एकदा तिला इथून नेतो, मग जाऊ सांगलीला. सरप्राइज द्यायला गेलो. भूलतज्ज्ञाने सरप्राइज देऊ नये कुणाला."

"मग हे काकूंना सांगा ना!"

"सांगितलं. ती म्हणाली, आता कशाला."

तिसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात त्या डावीकडच्या ढिगात हॉस्पिटलचं पाकीट होतं. दोन महिन्यांतलं तिसरं. पहिली दोन मी निमूट शेगडीत जाताना बघितली होती. या वेळी मी ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नसतं हे मलाही कळतं. पण फोडलं. आत लिहिलं होतं की पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगत चालली आहे, तुम्ही दोन अपॉइंटमेंट चुकवल्यात, ऑपरेशनचं ठरवायला ताबडतोब या.

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "अशी माणसं मी झोपवलीयत. उठली नाहीत त्यांचे चेहरे मला आठवतात. माझं वय, माझं हृदय. मी भूल दिली नसती मला."

"म्हणजे काय, बसून राहणार? केव्हाही फुटेल ते!"

"केव्हाही. किंवा दोन वर्षांनी."

"मी काकूंना आज सांगणार."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. टोपी काढून टेबलावर आपटली. मग आवाज उतरला. "सांगितलंस तर ती धावत येईल, मला ठाऊक नाही का? पण ती दुखण्याकडे येईल, माझ्याकडे नाही. पस्तीस वर्षं मी तिला नाइलाजाने वागायला लावलं. हे एकदा तिने आपल्या मनाने यावं. नाही आली तर नाही. मला वचन दे, टपाल."

मी दिलं. का दिलं, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. त्यांची दया आली हे खरं. पण एवढा मोठा माणूस आपल्यावर विश्वास टाकतोय याने मी फुगलेही होते. आणि खरं सांगायचं तर, घरात रडारड होईल, आपण मध्ये सापडू, याचीही मला भीती वाटली होती. पत्र ते शेगडीत टाकणार इतक्यात मी म्हटलं, हे तरी जाळू नका. "बरं, तुझ्या समाधानासाठी," म्हणून त्यांनी ते बोटीच्या नोंदवहीत ठेवून दिलं. पाकिटाच्या कोपऱ्यात माझ्या हातची तारीख होती.

सांगायचं नव्हतं, म्हणून मी काकूंच्या मागे लागले. "चला ना एकदा काकू, पानं काय रंगलीयत तिथे!" काकू म्हणाल्या, दसरा होऊ दे. दसरा झाला. म्हणाल्या, दिवाळी आलीय तोंडावर, चकल्या कोण करणार? दिवाळीनंतर केंब्रिजहून त्यांचा मुलगा यायचा होता. मग थंडी. दर वेळी त्या थोड्या हसायच्या. पहिल्यासारखं "पाय ठेवणार नाही" नव्हतं आता. लांबवण्यात त्यांना जरा मजा येत होती, रुसलेल्या माणसाला येते तशी. आणि प्रत्येक तारीख पुढे गेली की मी ट्रॅममध्ये बसून त्या पत्रातलं "ताबडतोब" आठवायचे.

तिकडे कालव्याच्या खात्यातला एक पोरगेलासा अधिकारी बोटीवर येऊन गेला. फार नम्रपणे म्हणाला की सर, आम्ही तीन नोटिसा पाठवल्या, तुम्ही त्याच टापूत पुढेमागे करता, याला प्रवास म्हणत नाहीत. ईस्टरपर्यंत पन्हळ ओलांडून पुढे गेला नाहीत तर बोटीचं लायसन्स जाईल. नोटिसा अर्थातच खिडकीच्या पाकिटातून आल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला थालीपीठ खायला घातलं आणि म्हणाले, "ईस्टरपर्यंत. फेअर इनफ."

संक्रांत झाल्यावर काकू एका शुक्रवारी पोळ्या लाटता लाटता एकदम म्हणाल्या, "उद्या मी येते तुझ्याबरोबर. किती दिवस माणसाने डब्यातून बोलायचं?"

मला इतका आनंद झाला की मी त्यांना पिठासकट मिठी मारली. आणि त्याच क्षणी आठवलं: जानेवारीपासून पन्हळ बंद होती. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी दोन्ही तोंडांना फळ्या घालून पाणी अडवतात आणि मधलं सगळं खाली नदीत सोडून देतात. मार्चच्या मध्यापर्यंत तिथे थेंब नसणार होता. हे मी काकूंना सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, मग मार्चमध्येच जाऊ. न सांगण्याची मला आता सवय व्हायला लागली होती.

चेस्टरला गाडी बदलून, पुढे बस पकडून आम्ही पोचलो तेव्हा भुरभुर पाऊस होता. डॉक्टर पन्हळीच्या तोंडाशी उभे होते. काकूंना बघून त्यांनी टोपी काढली. मग काय करावं ते न सुचून परत घातली.

काकूंनी पन्हळीत डोकावून बघितलं. तळाला काळा चिखल. त्यात एक सायकल, सुपरमार्केटची ट्रॉली, कुणाच्या तरी लहान मुलाचा एक बूट. पिवळ्या जाकिटातली दोन माणसं फावड्याने गाळ ओढत होती. पलीकडची दरी धुक्याने भरलेली, त्यामुळे उंचीसुद्धा दिसेना.

"हे का ते?" काकू म्हणाल्या.

"पाणी काढलंय," डॉक्टर म्हणाले. आवाज इतका ओशाळवाणा की मला बघवेना. "मला माहीत असतं तू येणार आहेस, तर..."

"तर काय, पाणी ठेवायला सांगणार होतात?" काकू म्हणाल्या, आणि खरंच सांगते, त्या हसल्या. मग साडी उचलून त्यांनी बोटीवर पाय ठेवला.

तासभर आम्ही आत बसलो. काकूंनी फळीवरचे डबे आपल्या सोयीने लावले, मीठ-मोहरीच्या बाटल्या हाताशी आणल्या, पडदे धुवायला काढले. डॉक्टर त्यांच्या मागे मागे त्या सात फुटांत अंग चोरून फिरत होते. चहा झाल्यावर मी म्हटलं, वाटेने चालत तरी जाऊन येऊया पलीकडे. डॉक्टर म्हणाले, "नको. बोटीने नेईन म्हणालो होतो."

"पाणी कधी सोडतात?" काकूंनी विचारलं.

"मार्चच्या मध्याला."

"मग तेव्हा येईन. आणि मग सांगलीचं बघायचं. या खेपेला मी विचारतेय तुम्हाला, चालेल ना?"

"चालेल की," डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

बसस्टॉपपर्यंत ते पोचवायला आले. काकू पुढे होत्या. मी डॉक्टरांचा हात धरला आणि म्हटलं, आता तरी सांगा, आता त्या आपल्या मनाने आल्यात. ते म्हणाले, "दोन महिने राहिलेत फक्त. एवढं चांगलं चाललंय, टपाल, बिघडवू नकोस." मी पुन्हा गप्प बसले.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या पोटातली ती रक्तवाहिनी फुटली. शेजारच्या बोटीवर एक बाई राहायची, बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेली. सकाळी शेगडीचा धूर दिसला नाही म्हणून ती बघायला गेली. डॉक्टर पलंगाशेजारी पडलेले होते. सिंकपाशी काकूंचा डबा घासून उपडा घातलेला होता.

मुलगा केंब्रिजहून आला. बाप गेल्याचं दुःख त्याला इंग्रजीत होत होतं आणि आईशी बोलायचं मराठीत, त्यामुळे तो बहुतेक वेळ फोनवरच होता. बोट विकायची ठरली. तिला गिऱ्हाईक बघून देणारा बोटींचा कारखाना पन्हळीच्या पलीकडे होता. म्हणजे बोट ओलांडून न्यायलाच हवी होती. बसड्रायव्हर बाई म्हणाली, मी नेते. काकू म्हणाल्या, मी येते.

मार्चमध्ये पाणी सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. ऊन होतं. बाई मागे सुकाणूवर, काकू आणि मी पुढच्या टोकाला, बिनकठड्याच्या अंगाला. काकूंच्या मांडीवर बोटीतली आवरलेली पिशवी. पायीच्या वाटेवर टॉवेल हलवायला कुणी नव्हतं, म्हणून बाईने तीन वेळा भोंगा वाजवला आणि बोट पन्हळीत शिरली. एका अंगाला पाणी, कड, आणि मग काहीच नाही. खाली मेंढ्या, नदी. बोट चालतेय असं वाटतच नव्हतं. काकू टक लावून बघत होत्या. मी मनातल्या मनात दहापासून उलटं मोजायला लागले. सहापर्यंत आले असेन, तेव्हा त्यांनी पिशवीतून नोंदवही काढली आणि तीतून पाकीट.

"हे अक्षर तुझं ना?"

कोपऱ्यात माझी तारीख. सप्टेंबर. मी मान हलवली.

"दसऱ्याला यात पाणी होतं?"

"होतं."

"दिवाळीला?"

"होतं, काकू. ख्रिसमसपर्यंत होतं."

त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. मी म्हटलं, "त्यांनी वचन घेतलं होतं माझ्याकडून. तुम्ही आपल्या मनाने यावं असं त्यांना..."

"माझ्या मनाने?" काकू म्हणाल्या. आवाज चढलासुद्धा नाही. "मला वाटलं, पुष्कळ वेळ आहे. वेळ आहे म्हणून रुसत होते गं मी. नाही तर दसऱ्याला पळत आले असते." मग पाकीट परत वहीत घालत म्हणाल्या, "त्यांचं सोड. बोट घेतली मला न विचारता, मरायचंही मला न विचारता ठरवलं. ते तसेच होते. पण तू रोज माझ्या हातचं जेवत होतीस."

पलीकडे पोचेपर्यंत त्या दरीकडे बघत राहिल्या. मी उरलेले आकडे मोजू शकले नाही.

उन्हाळ्यात घर विकलं गेलं. चार खोके एकदाचे सांगलीला निघाले. मी दुसरीकडे खोली घेतली होती. काकू जायच्या आदल्या दिवशी मी तो तीन पुडांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. बोटीवरून आणल्यापासून तो माझ्याकडेच राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा रव्याचे लाडू वळले होते, तेही वेडेवाकडे. काकूंनी आत बोलावलं, चहा दिला, तब्येतीची, नोकरीची चौकशी केली. लाडू ताटलीत काढून घेतले. एक खाल्लाही, म्हणाल्या, पाक कच्चा राहिलाय, पण चव आहे. मग सिंकपाशी जाऊन त्यांनी डबा घासला, पंच्याने कोरडा पुसला, झाकण लावलं आणि दारात माझ्या हातात दिला. "हा तुलाच ठेव," म्हणाल्या. "मला प्रवासात कुठे."

ट्रॅममध्ये बसल्यावर मी झाकण उघडून बघितलं. तिन्ही पुडं उघडून बघितली. साखरेचा एक दाणा नव्हता.

डबा अजून माझ्याकडे आहे, ओट्याच्या वरच्या फळीवर. कुणाला काही द्यायचं झालं तर मी प्लॅस्टिकच्या डब्यातून देते, आणि डबा परत नको म्हणून सांगते.